पाणराखिणीच्या हातातला तांब्या

प्रशिकनं जिवंत असताना ज्या खेळावरून स्वतःचं नाव काढून घेतलं, त्याच खेळावर तो गेल्यावर ते परत चिकटवताना लाज कशी वाटली नाही?

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

सकाळपासून एक पोस्टर फिरतंय. मधे प्रशिकचा हसरा फोटो. बाजूला डोळ्यांतून जाळ काढणारी एक बाई, हातात तिच्याहून मोठी तलवार. खाली लिहिलंय, ‘आमच्या लाडक्या पाणराखिणीचा जनक’.

तुमच्यातल्या निम्म्यांनी ते शेअर केलंय. वर हात जोडलेला इमोजी.

म्हणून लिहितेय. रागात लिहितेय, आणि तो लपवायची मला अजिबात हौस नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नाशिकरोडला प्रशिकच्या घरी आम्ही चारपाच जण दर रविवारी दुपारी एक खेळ खेळायचो. स्क्रीन नाही, मोबाइल नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले योद्धे, चोर, जादूगार होतात, फासे टाकतात आणि राक्षसांशी लढतात.

गोष्ट सांगणारा कायम प्रशिक. दिवसभर इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासणारा माणूस रविवारी राक्षस घडवायचा.

आणि राक्षसाच्या हातात काय द्यायचं यावर तो आठवडाभर डोकं खाजवायचा.

“तलवार काय, कुणालाही देता येते,” म्हणायचा. “आधी विचार, हा राक्षस झाला कशानं?”

एकदा किल्ल्यावरचा सांगाडा आला. आमचा मंदार म्हणाला, “भाला असेल त्याच्याकडे.”

“भाला शिपायाकडे. हा वेढ्यात उपाशी मेलाय.”

“मग काय आहे हातात?”

“जात्याचा खुंटा.”

कुणी हसलं नाही. दळायला दाणा न उरलेल्या जात्याचा खुंटा घेऊन तो आमच्या अंगावर आला, आणि खरं सांगते, त्याला मारायला माझा हात उठेना.

द्राक्षबागेतल्या चेटकिणीला त्यानं छाटणीची कात्री दिली होती. ती माणसं मारायचीच नाही, माणसाला पुढे फुटू शकणारं जे काही असेल तेवढंच कापायची. असलं त्या माणसाचं डोकं.

आणि मग पाणराखीण.

गोष्टीत आम्ही तीन दिवस उन्हात चाललेलो, पाण्यावाचून. डोंगराआड एक तळं दिसलं. काठावर एक बाई उभी. हातात तांब्या.

“तांब्या?” मंदार खदखदून हसला. “ही काय आम्हाला आंघोळ घालणार?”

प्रशिक तिच्या आवाजात शांतपणे म्हणाला, “पाण्याला हात लावायचा नाही. मी वरून ओतते. ओंजळ करा.”

मंदारचा योद्धा पुढे झाला.

“ओंजळीला दोन्ही हात लागतात,” प्रशिक म्हणाला. “तलवार खाली ठेव.”

ठेवली.

“वाक. अजून वाक.”

प्रत्येक घोटाला मंदारचा योद्धा बोटभर बुटका होत गेला. तहान मात्र भागेना. शेवटी तलवार समोर पडलेली आणि त्याला ती उचलता येईना, इतका तो लहान झाला होता.

फासे टाकायचं आम्हाला सुचलंसुद्धा नाही.

हाच राक्षस पुण्याच्या एका कंपनीला आवडला. त्यांना खेळाचा बॉक्स काढायचा होता. मीटिंगला मीही गेले होते सोबत.

“कन्सेप्ट एक नंबर आहे,” तिथला मुख्य माणूस म्हणाला. “फक्त तांब्या बदलू या. मीम होईल हो त्याचा. तलवार द्या, बॉक्सवर भारी दिसेल.”

प्रशिकनं समजावलं. शांतपणे, दोनदा.

“तुम्ही फार इमोशनल होताय. शेवटी गेमच आहे ना?”

“मग माझं नाव नको त्यावर,” एवढंच बोलून प्रशिक उठला.

त्यांनी आनंदानं नाव काढलं. राक्षस ठेवला, तलवार दिली. कराराच्या कागदावर त्याची सही आधीच झालेली होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

त्यानंतर वर्षभरात किडनीनं त्याला नेलं. आजारपणात त्या कंपनीतून कुणाचा साधा फोन आला नाही. आणि आज त्यांचंच हे पोस्टर, ‘लाडक्या पाणराखिणीचा जनक’! आता बॉक्सची नवी आवृत्ती येतेय म्हणे. मेलेला माणूस बॉक्स खपवायला बरा, तो “नको” म्हणत नाही.

मी सकाळी त्यांच्या पोस्टखाली हे सगळं लिहिलं. दहा मिनिटांत कमेंट उडवली, मला ब्लॉक केलं.

म्हणून तुम्हाला सांगते. ते पोस्टर तुमच्या वॉलवर असेल तर काढा. त्यानं स्वतःच्या तोंडानं “नाव नको” म्हटलेलं मी ऐकलंय.

आणि माझं ऐकायचं नसेल, तर मावशींचं ऐका. मावशी म्हणजे प्रशिकची आई. माहेर कळवणकडच्या खेड्यातलं.

आज घरी वंदना झाली. भंतेजी निघाल्यावर कुणीतरी कौतुकानं ते पोस्टर मावशींना मोबाइलवर दाखवलं.

मावशींनी चष्मा लावला. लेकाच्या फोटोवरून बोट फिरवलं. मग बाजूला पाहिलं.

“ही कोन गं?”

“मावशी, ही त्याची पाणराखीण. तळ्याच्या पाण्याला कुणाला हात लावू देत नाही ती.”

त्यांनी तलवारीवर बोट ठेवलं.

“हिच्या हातात तलवार कशाला दिली? आमच्यावर कोनी तलवार घेऊन नाय आलं कधी. वरून पानी ओतायचे, आमी ओंजळ धरायचो.”

मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाल्या,

“तलवार घेऊन आले असते, तर आमी बी कायतरी उचललं असतं ना गं.”

प्रशिक, पोस्टर अजून उतरलेलं नाही. मी भांडतेय.

जय भीम, मित्रा.