सव्वा मूठ गहू

सुरतेच्या बमरोलीत यंत्रमागांच्या खटखटीला सगळेच वैतागतात. कलाबाईची नात चंचल मात्र माग थांबले की घाबरायची. माग थांबले म्हणजे पाळी सुटली, अन् पाळी सुटली म्हणजे बाप घरी आला.

बाप म्हणजे कलाबाईचा धाकटा, वाल्मिक. गेल्या वर्षी त्याने बायकोवर, उज्ज्वलावर, लोखंडी नळी उगारली. चंचल मध्ये पडली, तिचा हात मोडला. पोलीस आले. तेव्हापासून तो पलसाण्याला खोली घेऊन राहत होता. हात दीड महिन्यात सांधला. पण चौदा वर्षांच्या पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच.

कलाबाईने मीठमिरच्या ओवाळल्या. सगळी चाळ खोकली, पोर तेवढी गप्प. मग शाळेच्या बाईंनी दवाखान्यातल्या सुवर्णा मॅडमकडे धाडलं, दर गुरुवारी.

"गोळी नाही, सुई नाही, नुसत्या गप्पा," कलाबाई सुनेला म्हणाली. "त्या तर आपल्या ओट्यावर फुकट मिळतात."

पण चार-पाच महिन्यांत चंचल थोडंफार बोलू लागली, अन् माग थांबल्यावर दाराआड लपायची तीही थांबली. झालेलं सगळं तिने मॅडमजवळ बसून थोडंथोडं वहीत उतरवलं, तेही गुजरातीत. घरच्या बोलीत ते तिच्या हातून उतरत नव्हतं.

"आता हे तिला घरच्या एका माणसाला वाचून दाखवायचंय," मॅडम म्हणाल्या. "आईला रडू आवरत नाही. चंचलने तुम्हाला निवडलंय, आजी. मध्ये काही बोलायचं नाही. ऐकायचं फक्त."

जन्मभर साड्यांचे धागे कातरता कातरता गप्पा हाणलेली बाई ती. एक पान कसंबसं ऐकलं अन् तोंडून गेलंच, "तो पहिल्यापासून असा नव्हता वं माय."

चंचलने वही मिटली. पुढचे दोन गुरुवार ती दवाखान्यात गेली नाही. माग थांबले की पुन्हा दाराआड.

त्यातच कानबाईचा सण आला. खानदेशातून सुरतेला आले तरी देवी सोबत आलीच. कलाबाईच्या घरची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्याचे रोट करायचे. ते घरातच बसून खायचे. उंबऱ्याबाहेर रोटाचा तुकडा जात नाही.

थोरला हिलाल खाटेवर बसून होता. "वाल्मिकला रविवारी बोलवलंय," तो म्हणाला. "एक ताट कमी पडलं तर कानबाई कोपेल, आई."

चंचल दाराला टेकून आजीच्या हाताकडे बघत होती.

कलाबाईने हिलालच्या नावाने गहू काढले. मग हात डब्यात तसाच राहिला. जित्या पोराचे गहू काढायचे नाहीत, म्हणजे त्याला मेल्यात धरायचं. ते काही तिच्याने होईना. तिने वाल्मिकचेही सव्वा मूठ काढले. चंचल वळली.

"थांब वं," कलाबाई म्हणाली. "गहू काढलेत, ताट मांडणार नाही. हिलाल, त्याला कळव. येऊ नको म्हणावं."

"मग त्याचा रोट कोण खाईल?"

"मी. जन्माला मीच घातला ना."

"आई, देवी कोपली तर?"

"देवीला मी समजावते. ती पण बाईच आहे. तुला समजवायला मात्र मला दोन जन्म लागतील."

हिलाल चपला घालून निघून गेला. चंचल दाराआड गेली नाही.

रविवारी कलाबाई वाल्मिकचा रोट एकटीच खात बसली. पाण्याच्या घोटाबरोबर एकेक तुकडा गिळत तिने तो संपवला. तेवढ्यात पाळी सुटली, माग थांबले. चंचल वही घेऊन समोर येऊन बसली.

"मोठी माय, पहिल्यापासून वाचू?"

कलाबाईने मान डोलावली. चंचल नळीपर्यंत आली, हात मोडला तिथपर्यंत आली. कलाबाईतल्या आईचं काळीज दहादा म्हणालं, अगं, तो असा नव्हता. तिने पदर तोंडात धरला. शेवटचं पान झालं तेव्हा पदराला दातांनी भोक पडलं होतं.

"गुरुवारी किती वाजता निघायचं?" चंचलने विचारलं.