कानडी पोरांचं बोर्डिंग

युनिव्हर्सिटी म्हणजे नक्की काय चीज असते, हे मला कॉलेजात नाव घातल्यावरही कळलं नव्हतं. कॉलेज कोल्हापुरात होतं, ते डोळ्यांनी दिसत होतं. दगडी भिंती, उंच खिडक्या, दारात प्रोफेसरांचे टांगे. पण परीक्षा घेणार मुंबईची युनिव्हर्सिटी. तिनं आम्हाला कधी पाहिलेलं नाही, आम्ही तिला पाहिलेलं नाही. शेजारच्या बाकावरच्या पोराला मी विचारलं, "ती आपल्याला वळखती कशी रं?" तो म्हणाला, "वळखत न्हाई. नुसती नापास करती." मी हसलो, पण खरं सांगायचं तर मला त्यातलं काहीच उमगलं नाही. त्या वर्षी मला काय उमगलं होतं म्हणा!

मी आजऱ्याचा, लिंगायत दुकानदाराचं पोर. घरात कानडी, दुकानात मराठी. मॅट्रिक झालो तेव्हा अप्पांनी एकच अट घातली होती. "आपल्या माणसांच्या बोर्डिंगात जागा मिळाली तर शीक. न्हाई मिळाली तर गुमान येऊन दुकानात बस." यात अव्वाची, म्हणजे आईची, सक्ती जास्त होती. परक्याच्या हातचं पाणीसुद्धा तिला चालत नसे. पोरगं कोल्हापुरात कुणाच्या पंगतीला बसेल या धास्तीनं तिनं महिनाभर आधीच अबोला धरला होता. कोल्हापूरचे महाराज तेव्हा जातवार बोर्डिंगं काढत होते, ही गोष्ट खरी. आमच्या लोकांचंही निघालं, असं बाजारात कुणीतरी अप्पांना सांगितलं. निघालं होतं की निघणार होतं, हे सांगणाऱ्याला तरी कुठं ठाऊक होतं!

तर मी वळकटी आणि ट्रंक घेऊन कोल्हापुरात उतरलो आणि टांगेवाल्याला म्हणालो, "आमच्या बोर्डिंगात सोड."

"आमच्या म्हंजी कुनाच्या, पावणं? हितं ढीगभर बोर्डिंगं हाईत."

आता भर चौकात ओरडून जात सांगायची मला लाज वाटली. म्हटलं, "कानडी बोलणारी पोरं ऱ्हात्यात बघ, त्ये."

"मग असं सांगा की!" म्हणून त्यानं घोड्याला चाबूक दाखवला आणि मला एका दारात नेऊन सोडलं. आत खरंच पोरं कानडीत भांडत होती. माझा जीव भांड्यात पडला. आपलीच माणसं! ट्रंक टेकवतोय तोवर एकानं हाताला धरून ओढलं, "बर्री, बर्री, ऊटा माड्री," म्हणजे चला जेवायला, आणि पंगतीत नेऊन बसवलं. दिवस अजून मावळला नव्हता. इतक्या लवकर जेवण? आमटीत कांदा नाही, लसूण नाही. मी मनाशी म्हटलं, काय कडक सोवळं आहे हो इथलं, अव्वा बघायला हवी होती! कुणीही मला नाव विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा तरी पावणा. आणि पावण्याला आधी ताट, मग बाकीचं. ही आमच्या मुलखाची रीतच आहे.

सकाळी विहिरीवर अंघोळ करताना माझ्या गळ्यातलं लिंग दिसलं आणि पोरांचे तांबे हातातच राहिले. "अरे, हा लिंगायत हाय की!"

"मग? तुम्ही कोण?"

"आम्ही जैन."

मी ओल्या पंच्यानिशी तिथंच उभा. म्हणजे ती दिवसाउजेडीची पंगत, ती बिनकांद्याची आमटी! पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला हसावं की रडावं कळेना. मी धावत बोर्डिंगच्या मास्तरांकडे गेलो. सगळी देखरेख त्यांचीच. सावकाश बोलणारा माणूस, त्यांना कधी घाई म्हणून नाही. मी म्हटलं, "आमचं बोर्डिंग कुठं हाय तेवढं सांगा, मी निघतो."

"तुमचं अजून निघायचं हाय, बाळ. बोलणी चालू हाईत म्हणं."

"मग मी जाऊ कुठं?"

दुसऱ्या जातीचं पोर कायमचं ठेवून घ्यायचं तर वरच्या मंडळींना विचारायला हवं, आणि माझ्या घरच्यांना तर आधी. शेवटी त्यांनी आजऱ्याकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर अप्पांना निरोप धाडला. "तोवर ऱ्हा. कालेज बुडवू नको," म्हणाले.

मग मी राहिलो. सकाळी त्यांची पोरं देवळात जायची, मी कोपऱ्यात बसून लिंगपूजा करायचो, आणि सगळे मिळून कॉलेजला. वर्गात प्रोफेसर इंग्रजीत काय बोलायचे ते अर्धं डोक्यावरून जायचं. उरलेल्या अर्ध्या वेळात माझ्या डोक्यात एकच घोळ: अप्पा आले की काय म्हणतील? दुकान. दुसरं काय म्हणणार? भाताच्या पोत्यांवर बसून जन्म काढायचा. आणि गंमत अशी की मला बाटल्यासारखं काही वाटतच नव्हतं. वाटायला हवं होतं ना? ते का वाटत नाही, याचीच मला भीती वाटायची.

एके दिवशी कॉलेजातून परत आलो, तर पंगत बसलेली आणि मधोमध अप्पा. फेटा काढून मांडीवर ठेवलेला, समोर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा वाफाळता भात. वास दारापर्यंत येत होता. गाडीवानानं काय दिवे लावले होते ते मला नंतर कळलं. "बोर्डिंगात तुम्हाला बोलवलंय," एवढंच तो जाऊन बोलला होता, आणि अप्पा मानानं तांदळाचं पोतं घेऊन आले होते, आपल्या माणसांच्या पोरांसाठी! मी पुढं झालो, तर मास्तरांनी डोळ्यांनीच गप्प केलं. ताटावर बसलेल्या माणसाला असलं काही सांगायचं नसतं. मी भिंतीला टेकून अप्पांचा एकेक घास मोजल्यासारखा बघत राहिलो.

अप्पांनी हात धुतले, पान लावलं आणि आपल्यातल्या माणसाला विचारावं तसं खुशीत विचारलं, "तुमचा मठ कंचा, मास्तर?"

मास्तरांनी सगळं सरळ सांगून टाकलं. अप्पांचं पान हातातच राहिलं.

"आरं, मग जेवायच्या आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"पावणं दारात आल्यावर आधी ताट की. जात इचारायला आख्खी रात पडलीया."

अप्पा कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "तांदूळ तर माझाच हुता न्हवं?" मास्तर म्हणाले, "तांदूळ तुमचा. पाणी आमचं." "हां," अप्पा म्हणाले, "पाण्याचं ऱ्हायलंच." आणि दोघंही हिशेब चुकलेल्या माणसांसारखे बोटं मोजत बसले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती.

सकाळी अप्पा म्हणाले, "तुझं कालेज दाव." मी नेलं. ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून त्या उंच खिडक्यांकडे बघत राहिले. पोरं आत जात होती, कुणाचा फेटा, कुणाची टोपी. अप्पांना काय वाटत होतं ते त्यांच्या तोंडावरून काही कळेना. मला वाटलं आता म्हणतील, बघितलं, आता चल घरी. ते म्हणाले, "ऱ्हा. अव्वाला मी सांगतो. तू तोंड उघडू नको." आणि माझ्याकडे न बघताच गाडीकडे चालू लागले.

दिवाळीला घरी गेलो. अव्वा दारात आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबवलं. बाहेरच्या सोप्यात घोंगडं अंथरलेलं होतं. "हितं बस. जेवाण हितंच आणती." एवढं बोलून ती आत गेली. म्हणजे अप्पांनी सांगितलं होतं तर. मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की उठून तसंच कोल्हापूरला चालायला लागावं. स्वतःच्या घरात, सणाच्या दिवशी, बाहेर! अव्वानं ताट आणून ठेवलं. डोळे पुसत पुन्हा आत गेली आणि दुसरं ताट घेऊन आली. ते माझ्या शेजारी मांडलं.

मला कळेना, हे कुणाचं? तेवढ्यात अप्पा दुकानातून आले. पाय धुतले आणि सरळ त्या ताटावर येऊन बसले.

"तुम्ही हितं का?" मी विचारलं.

"मीबी जेवलोय की तितं," अप्पा म्हणाले. "आल्या दिवसापास्नं हितंच बसतोय."

त्यांनी स्वतःचं सांगितलं नसतं तर आजऱ्यात कुणाला कळणार होतं? अप्पांनी भात कालवला आणि म्हणाले, "खा की, निवतंय."