थेंबातली बाई

भिंगोबाच्या थेंबात बाई आहे, ही बातमी ग्रंथालयाच्या हॉलमधून निघाली आणि कपातला चहा निवायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचली. बाईसुद्धा साधीसुधी नव्हे. परकी, पिवळ्या ड्रेसातली, आणि वर हात करून बोलावणारी! बायको जाऊन दोन महिने झाले नाहीत तोवर माणसाने असा फोटो भिंतीवर टांगावा, म्हणजे निर्लज्जपणाची कमाल झाली, असं वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जाहीर केलं. काकूंनी जाहीर केलेलं सहसा कुणी मागे घेत नसे.

भिंगोबा हे अर्थातच गल्लीने ठेवलेलं नाव. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे काम तो एकतीस वर्षं करत होता. घरी आला की हातपाय धुवायचा, आतल्या खोलीत जायचा आणि फुलांचे फोटो काढत बसायचा. बाहेरच्या खोलीत बायको लोकांचे कपडे शिवायची. "मला सवत आहे बरं का," ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची, "पण कुंडीतली." बिचारीचा हा विनोद काकूंनी पुढे पुरावा म्हणून वापरला.

आता हे फोटोप्रकरण जरा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. फुलाच्या अगदी जवळ गेलं की कॅमेऱ्याला केसाच्या जाडीएवढंच स्पष्ट दिसतं. पाकळीचं टोक साधलं तर मधला पराग धुक्यात. पराग साधला तर टोक गेलं. म्हणून भिंगोबाने कॅमेरा एका सरकत्या पट्टीवर बसवला होता. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, थरथर थांबू द्यायची, फोटो घ्यायचा. पुन्हा पाव फेरा, पुन्हा फोटो. असे चाळीसेक झाले की कॉम्प्युटर प्रत्येकातला स्पष्ट तेवढा भाग उचलून एकच चित्र जुळवून देई. अट एकच: तेवढ्या वेळात काही हलता कामा नये. जे हललं ते पुसट तरी होतं, नाहीतर एकाचे दोन होऊन भुतासारखं उमटतं.

त्यामुळे पंखा बंद, खिडकी बंद, शिवणयंत्रही बंद, कारण यंत्राने जमीन थरथरते. बायको पायंडलवरचे पाय उचलून बसायची आणि तिथूनच विचारायची, "श्वास घेऊ का, की त्यालाही अर्ज करू?"

भिंगोबाचा हातखंडा म्हणजे थेंब. पाण्यात ग्लिसरीन कालवून तो थेंब सुईच्या टोकाने गवताच्या पात्यावर ठेवायचा. सुई बायकोच्या डब्यातली, आणि परत कधीच न केलेली. थेंब म्हणजे इवलंसं भिंगच. मागे जे असेल ते त्यात उलटं दिसतं. पात्यामागे जर्बेराचं फूल ठेवलं की थेंबात उलटं जर्बेरा. काकूंना ही जादू वाटायची.

बायको गेली ती अशाच एका दुपारी. पडली ती उठलीच नाही. "हृदय," डॉक्टर म्हणाले. त्या दुपारी भिंगोबा थेंबाचा फोटो जुळवत होता. जुळवला, रंग ठाकठीक केले, फोटोग्राफी क्लबच्या सेक्रेटरींना प्रदर्शनासाठी पाठवला आणि मग तिला दाखवायला बाहेरच्या खोलीत गेला. त्यानंतर त्याने कॉम्प्युटर उघडलाच नाही.

सेक्रेटरी म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. भला माणूस. मित्राला धीर यावा म्हणून त्यांनी तो फोटो दाराएवढा मोठा छापून प्रदर्शनात मधोमध लावला. स्क्रीनवर जो थेंब मसुराएवढा होता, तो भिंतीवर परातीएवढा झाला.

आणि काकूंनी तो पाहिला. आधी मान वाकडी करून पाहिला, मग कंबरेत वाकून, मग पार उलट्या होऊन. "अगंबाई! फुलामागे दार आहे, आणि दारात बाई उभी आहे!" इतकं बोलून त्यांची मान तिथेच अडकली. दोघींनी धरून सरळ केलं, तरी तोंड चालूच. "पिवळा ड्रेस ओळखला मी. पोस्टातल्या काउंटरवालीचा. याच्या बायकोकडेच तर शिवायला टाकला होता, मापं द्यायला सारखी यायची. आणि हात बघा, दोन दोन दिसतात. हलवतेय, दुसरं काय!"

भिंगोबाची मुलगी शेजारीच उभी होती. परगावाहून बापाचं कौतुक बघायला मुद्दाम आली होती.

भिंगोबा पुढे झाला. नाक भिंतीला लागेल इतका पुढे. चेहरा तांदळाएवढा, ओळखू येणार नाही असा. पण बाई कोण हे त्याला लगेच कळलं. त्याला धसका बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ड्रेसची कड स्पष्ट होती. खांदे स्पष्ट होते. चौकटीतून कुणी येऊन लगेच निघून गेलं असतं, तर चाळीस फोटोंच्या जुळणीत नुसता पिवळा धूर उरला असता. दोन महिने तो स्वतःला हेच सांगत आला होता, की ती आली आणि लगेच गेली.

"काका, मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर कानाशी म्हणाले. "कॉम्प्युटरवर पुसून टाका तिला. दोन मिनिटांचं काम."

घरी आल्यावर मुलीने कॉम्प्युटर सुरू केला आणि खुर्ची बापाकडे ढकलली. "पुसा."

त्याने माउस धरला. पुसायचं गोल वर्तुळ त्या पिवळ्या ठिपक्यावर नेलं, आणि बोट उचललं.

"होत नाही ना जीव?" मुलगी म्हणाली. "बाबा, एकदाच विचारते. ती पोस्टातलीच आहे का?"

नाही म्हटलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता: मग कोण? आणि त्याच्यापुढचा: ती तिथे काय करत होती? या पोरीला आईने हात धरून शिवण शिकवलेली. उत्तर ऐकून ती या घराची पायरी पुन्हा चढली नसती. न ऐकताही चढणार नव्हती. काय समजून जायचं, एवढंच बापाच्या हातात होतं.

त्याने कॉम्प्युटर बंद केला.

"आई बाहेर मरत होती," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे आत..." तिने शिवणाचा डबा पिशवीत टाकला, यंत्रासाठी टेम्पो बोलावला. जाताना म्हणाली, "फोन करू नका. मामालाही सांगितलंय."

पोस्टातली बाई पुढे एकदा चष्म्याची काच बसवायला दुकानात आली. पिवळा ड्रेस तिने घालायचा सोडला होता. "काका, मी तुमच्या आतल्या खोलीत कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही. नवरा घरात बोलत नाही माझ्याशी. तुम्ही एकदा लोकांना सांगा ना."

"सांगतो," भिंगोबा म्हणाला. काच बसवली, पुसली, दिली. सांगितलं नाही. काकूंना अजून वाटतं, दोघांचं फिस्कटलं.

फुलं त्याने सोडली. कुंड्या वाळल्या. आता घरी आला की पंखा बंद करून तो त्या दुपारचे सुटे फोटो एकेक करून बघतो. बेचाळीस आहेत. संपले की पुन्हा पहिल्यापासून.

थेंबातली बाई त्याची बायको होती. पोस्टातल्या बाईचा ड्रेस शिवून झाला होता आणि खालची दुमड सरळ पडते का हे बघायला तिने तो अंगावर चढवला होता. तेवढ्यात छातीत कळ आली. ती दारात आली आणि "अहो" म्हणाली. त्याने मान वर न करता सांगितलं, "थांब, हलू नकोस." ती थांबली. चोविसाव्या फोटोपर्यंत हात छातीवर आहे, त्यानंतर चौकटीवर. म्हणून हात दोन दिसतात. बेचाळीस फोटोंना सहा मिनिटं लागली. मग तिने बाहेर जाऊन ड्रेस उतरवला, गिऱ्हाइकाचा म्हणून हँगरला नीट लावला, आणि ती पडली.