ठाणेदाराला कोड कोणी मागितला?

ती घटना आजही आठवते, कारण तिच्यातली एक ओळ मी कागदावर येऊ दिली नाही. निवृत्तीबरोबर फायली सुटल्या, ती ओळ सुटली नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. हद्दीतले पोलीस पाटील, सरपंच, आशा सेविका अशा सगळ्यांचा मी मोबाईलवर एक ग्रुप केला होता. जत्रेचा बंदोबस्त असो की हरवलेली गुरं, निरोप त्यावरच फिरत.

एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपली आणि साडेदहाच्या सुमारास माझं मेसेजचं खातं बंद पडलं. अर्ध्या तासात माझ्याच नावाने, वर्दीतल्या माझ्याच फोटोसह, ग्रुपमधल्या प्रत्येकाला निरोप गेला: 'पडताळणी सुरू आहे. फोनवर आलेला सहा अंकी कोड ताबडतोब पाठवा.' नऊ जणांनी पाठवला. नऊही खाती गेली. त्यातल्या आशा सेविकेच्या नावाने गावातल्या बायांकडे आधार कार्डाचे फोटो मागितले गेले. बायांनी विश्वासाने पाठवले.

ती ठाण्यात आली तेव्हा तिला धड बसताही येत नव्हतं. "बाया माह्या दारात उभ्या हायेत. म्हणतात, तूच मागितले, आता तूच वापस दे. मी कुठून देऊ?"

"पण कोड काहून दिला बाई?" हवालदारांनी विचारलं.

"तुमच्या साहेबायनं मागितला म्हणून! नसता देला तर तुम्हीच म्हटलं असतं, बाई लई शहाणी झाली."

हवालदार खाली मान घालून लिहू लागले.

दुपारी खबर आली. बसस्टँडजवळचा मोबाईल दुरुस्त करणारा एक वही ठेवतो, तिच्यात गिऱ्हाइकांचे पासवर्ड असतात. खरंच होतं. नऊपैकी सात जणांचे फोन त्याच्या हातून गेले होते. माझ्या फोनची काचही आदल्या आठवड्यात त्यानेच बदलली होती. पंचांसमक्ष वही जप्त केली आणि त्याला भर बाजारातून चौकशीला आणलं.

तिशीतला माणूस, दुकान भाड्याचं. लोक न घाबरता फोन त्याच्या हातात देत, एवढंच त्याचं भांडवल. आत आल्यावर त्याने "जय भीम, साहेब" म्हटलं आणि उभा राहिला. त्याची बाजू घेऊन ठाण्याची पायरी कोणी चढलं नाही. ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्यावर संशय लवकर बसतो, हे मी नोकरीभर पाहिलं. त्या दिवशी मीच तो बसवला.

"वही कायले ठेवतो?" हवालदारांनी दरडावलं.

"म्हातारी माणसं पासवर्ड भुलतात, मंग माह्याच अंगावर येतात. म्हणून लिहितो."

"म्हणजे साऱ्या गावाच्या चाव्या तुझ्यापाशी!"

"ते चुकलं माहं, मानतो. पण हा कोड वहीत कसा राहीन? कोणी दुसऱ्या फोनवर तुमचा नंबर टाकला, का तुमच्या फोनवर कोड येते. दरवेळी नवा. तो माह्या वहीतून नाही भेटत साहेब, तुमच्यापाशीच मागावा लागते. एक कोरा कागद देता?"

मला उत्सुकता वाटली. कागद दिला. त्याने नऊ नावं लिहिली. तक्रारदार व्हरांड्यातच बसले होते. त्याने दारातूनच प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाले कोड कोणी मागितला?" उत्तर आलं की तो एक बाण काढी. नऊ बाण एकाच नावाला येऊन भिडले. माझ्या. त्या नावाच्या वर जागा रिकामी होती. तिथे पेन टेकवून त्याने विचारलं, "साहेब, तुम्हाले कोणी मागितला?"

हवालदारांचं लिहिणं थांबलं.

"मला कोणी मागितला नाही," मी म्हणालो. "माझा फोन हॅक झाला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. "बरं, साहेब."

खरं असं होतं. सकाळी मी स्टेशन डायरीवर सह्या करत असताना बंजारा तांड्यावरच्या पोलीस पाटलाच्या नंबरवरून निरोप आला होता: 'साहेब, माझा कोड चुकून तुमच्याकडे आला आहे, पाठवा.' मी दुसऱ्या हाताने पाठवून दिला. कोडच्या खालीच लिहिलं होतं, कोणालाही देऊ नका. आणि हा पाटील जन्मात टाइप करत नसे! 'बोटं जाडी हायेत' म्हणून बोललेला निरोप पाठवायचा. मराठीत मधेच गोरबोली, मागे बकऱ्यांचा ओरडा. त्याच्याकडून लिहिलेला निरोप आला तिथेच मी थांबायला हवं होतं. एक फोन केला असता तर कळलं असतं की त्याचं खातं आदल्या दिवशीच चोरीला गेलंय. दुपारी नंबर पुन्हा टाकून मी माझं खातं परत मिळवलं आणि पहिलं काम काय केलं, तर तो निरोप पुसला.

संध्याकाळी यवतमाळच्या सायबर कक्षातून कळलं की खाती परराज्यातून चालवली जात होती. दुकानदाराचा संबंध नव्हता. त्याला सोडायची कागदपत्रं होईपर्यंत ठाण्यात गंमतच झाली. खात्याला वरून आपला एक पिन लावता येतो, मग कोड गेला तरी चोर अडतो, असं त्याने सांगितलं आणि पोलीस त्याच्यापुढे फोन घेऊन रांगेत उभे राहिले.

"पिन कोणता टाकू रे?" हवालदार म्हणाले.

"मले नका सांगू!" त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "आता वही बंद."

सगळे हसले. मीही हसलो. पण तो निर्दोष आहे हे दोन ओळींत ग्रुपवर टाकलं नाही. टाकलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग कोण? बाजारात बोललं गेलं, 'ठाण्यात नेलता म्हणजे काहीतरी असंनच.' फोन येईनासे झाले. काही महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं. बाणांचा तो कागद मी फाईलला न लावता घरी नेला.

मला एकच कुतूहल राहिलं: त्या नऊ जणांनी कोड का दिला? लोभ कोणालाच नव्हता. ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, एवढंच. मीही त्यातच फसलो होतो. फरक इतका की त्यांनी ते सांगितलं.

यंदा उमरखेडला गेलो. तिथे आता त्या मोबाईलवाल्याचं छोटं दुकान आहे. कागद त्याच्यापुढे ठेवला, रिकाम्या जागी पाटलाचं नाव लिहिलं आणि हात जोडले.

त्याने कागद परत सरकवला. "मले काहून दाखवता? मले त्याच दिवशी दिसलं होतं. ज्यायले नाही दिसलं त्यायले दाखवा."

बाहेर येऊन त्याच जुन्या ग्रुपवर, ज्यात मी अजून होतो, कागदाचा फोटो टाकला आणि आयुष्यातला पहिला बोललेला निरोप पाठवला: त्या दुकानदाराचा काही दोष नव्हता. दोन मिनिटांत तांड्याच्या पाटलाचा फोन आला.

"साहेब, फोटो तुमचा, आवाज तुमचा. तरी पहिले इचारून घेतो. होळीले तांड्यावर आलते, तवा तुमच्या हातून काय सांडलं होतं?"

"ताकाने भरलेला गंज. तुमच्या बायकोच्या नव्या लुगड्यावर."

तो खदखदून हसला. "हो, मंग तुम्हीच." मग म्हणाला, "अन् पहिला कोड? तोही तुम्हीच देलता?"

"हो," मी म्हणालो. "मीच दिला."