माळावरची खोप

माझ्या लग्नाच्या वेळी सासू नसणं हे आईला माझं भाग्य वाटलं होतं. "सासुरवास न्हाय बघ तुला," ती म्हणाली होती. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात कामाला. आम्ही रेल्वेच्या चाळीत वाढलेलो, नळाचं पाणी भरलेलं. सासर मात्र सांगोल्याच्या पलीकडं, कोरड्या माळावर. घरात मामंजी, नवरा आणि धाकटी नणंद, एवढीच माणसं. थोडी जिराईत जमीन होती आणि मेंढरं होती. सासूबाई मानमोडीच्या साथीच्या साली माहेरी गेल्या, भीमेपलीकडं कानडी मुलखात, आणि तिकडंच वारल्या, असं मला सांगण्यात आलं. त्या तापात घरंच्या घरं बसली होती. कोण कुठं गेलं, कुणी माती दिली, हे कुणी कुणाला विचारत नसे. मीही विचारलं नाही.

घरात वावरायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी चौघांच्या भाकरी करायची आणि मामंजी दुपारी रानात जाताना दोन जास्तीच्या फडक्यात बांधून न्यायचे. म्हाताऱ्या माणसाची भूक मोठी असेल असं मी धरून चालले. पण ते घरी जेवताना अर्धी भाकरी कशीबशी खात. कधी गाडग्यात दूध न्यायचे, कधी मिरच्यांचा ठेचा. एकदा माझं जुनं लुगडं बोचक्यातून नाहीसं झालं. नवऱ्याला विचारलं तर तो मान वर न करता म्हणाला, "माळावर राखणीला एक बाई हाय. दिलं आसंल आबानं."

"मग ती कधी घरला येत न्हाय ती?"

"न्हाय येत."

आडावर बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. एकीनं मला सरळच सांगितलं, "तुज्या सासऱ्यानं ठिवलीया ती. कानडी बाई हाय म्हनं. तोंड दावत न्हाय कुनाला." मी पाण्यानं भरलेली घागर तशीच डोक्यावर घेऊन घरी आले. त्या दिवसापासून मामंजींच्या ताटात वाढताना माझा हात आखडायचा. त्यांना ते कळत होतं.

मग पितरपाट आला. सासूबाईंच्या नावानं पान करायचं होतं. मी सोवळ्यानं खीर केली, वडे केले, पान वाढलं आणि छपरावर ठेवायला निघाले, तर मामंजींनी ते माझ्या हातातून घेतलं.

"म्या ठिवतो."

"छपरावर?"

"रानात. तितं कावळं लई हायती."

आणि ते पान झाकून, पदराखालून तान्हं मूल न्यावं तसं जपून, माळाची वाट चालायला लागले. मला राग आला. मेलेल्या बायकोचा घास हा माणूस ठेवलेल्या बाईच्या तोंडात घालणार, असं मला वाटलं. नणंद उंबऱ्यात बसून छपराकडं बघत होती. तिला आईचं तोंड आठवत नव्हतं, पण दरसाल कावळा शिवेपर्यंत ती जेवत नसे. मी तिला म्हटलं, "वन्सं, जेवा. शिवला कावळा." खोटं बोलायला तिथनंच सुरुवात झाली म्हणायची.

नंतर एका दुपारी, मामंजी मेंढरं घेऊन लांब गेले होते तेव्हा, मी माळावर गेले. त्या बाईला चार शब्द सुनवायचेच, अशा तावात गेले होते. बांधापलीकडं पाचटानं शाकारलेली खोप होती. दारासमोर सारवलेलं, चुलीपाशी कोनाड्यात हळदकुंकवाची कुयरी. बाई जात्यावर वाकलेली होती. माझी चाहूल लागताच तिनं पदर पुढं ओढला आणि मागं सरकली.

"जवळ येऊ नगंस, बाई."

हाताची बोटं दिसली. कोपरापर्यंत हात पांढरे पडलेले, मधे मधे मूळच्या सावळ्या रंगाची बेटं. मी जागच्या जागी थांबले.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अंगावर माझंच लुगडं होतं. मग म्हणाली, "तू सून व्हय?" आणि मी काही बोलायच्या आत, "पोर कशी हाय माजी? केसात उवा होत्या तिच्या लई. इंचरतीस का?"

मी खालीच बसले.

सासूबाईंनीच सगळं सांगितलं, लांब बसून. अंगावर डाग उठले. वैदूनं महारोग म्हणून सांगितलं. माहेरी नेलं, तर भावांनी दारात उभं केलं नाही. तेवढ्यात मानमोडी आली. मामंजींनी गावात येऊन बायको गेली म्हणून सांगितलं, तेरावं घातलं, आणि मागाहून त्यांना बैलगाडीतून आणून इथं ठेवलं. महारोग्याच्या घरात मुलगी कोण देणार आणि घरची मुलगी कोण नेणार? मुलाचं ठरलं ते असंच. म्हणजे माझंच.

"त्यांनी फशिवलं तुला," त्या म्हणाल्या. "म्या बी. पर त्यांनी मला सोडलं न्हाई, ह्ये बी खरं."

गाव त्यांना ठेवलेली म्हणत होतं आणि तो माणूस ते ऐकून घेत होता. मी त्या दिवसापासून भाकरी मोजणं सोडलं. ठेच्याचे दोन भाग करायला लागले. नवऱ्याला म्हटलं, "मी जाऊन आले," तर तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "तुज्या वन्संला कळाय नगं." मी कबूल केलं. रोज तिची वेणी घालत होते आणि तिची आई हाकेच्या अंतरावर बसलेली आहे हे तिला सांगत नव्हते.

पुढं नणंदेला स्थळ आलं. चांगलं, बागायती घर. मुलाची आत्या बघायला आली होती, ती मला परसात घेऊन गेली. डोळे बारीक करून म्हणाली, "येक इचारते, राग मानू नगंस. हिची आई कशानं गेली? आंगावर काय डाग हुता म्हंत्यात."

"मानमोडीनं गेल्या," मी म्हटलं.

"तू बघितलंस?"

"म्या तवा हितं नव्हते. पर दरसाल त्यांचं पान मीच करते की. आपल्या हातानं."

बाईचं समाधान झालं. पितराच्या पानाची शपथ कोण खोटी घेईल? सुपारी फुटली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बिरोबाला नारळ फोडायचा म्हणून मी नणंदेला माळावर नेलं. वाट मुद्दाम खोपीवरून घेतली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची; त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. त्या कडब्याच्या गंजीशी उभ्या होत्या, तोंडावर पदर, हात पदरात गुंडाळलेले.

"वैनी, ती कोन?"

"राखणीची बाई हाय. म्हातारी हाय, नमस्कार करा लांबनं."

नणंद हिरवा चुडा सावरत वाकली. आत्याबाईंनी दोन्ही हात पदरासकट वर केले. तोंडानं शब्द निघाला नाही. नणंद सरळ होऊन चालू लागली आणि मला म्हणाली, "मुकी हाय का वं ती?" मी व्हय म्हणाले.

मामंजी गावाच्या लेखी विधुर, म्हणून कन्यादानाला मी आणि माझा नवरा बसलो. आईच्या जागी मी. मुलीच्या हातावर पाणी सोडलं तरी मी तिचा हात सोडेना, तेव्हा बायका म्हणाल्या, भावजयीची माया किती आहे बघा.

वर्षाच्या आत मी बाळंतपणाला कुर्डुवाडीला गेले. तिथं एका संध्याकाळी वडील पाळण्याची दोरी ओढत बसले होते, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. वाटलं, फसवून लग्न केलं म्हणून वडील संतापतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टरला दाखवलंय का?"

दाखवलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चार बुकं शिकलेली, डॉक्टरच्या दवाखान्यात टोचून घेतलेली मुलगी. माझ्याही नाही.

वडिलांनी खटपट केली. मामंजी आत्याबाईंना झाकून-पाकून गाडीनं सोलापूरला घेऊन आले, मी बाळाला घेऊन कुर्डुवाडीहून गेले. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि त्या पांढऱ्या डागांवर ठिकठिकाणी टाचणी टोचली. दर खेपेला त्या "हितं" म्हणाल्या. एकदाही चुकल्या नाहीत. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, कोपर चाचपलं आणि टाचणी खाली ठेवली.

"हे कोड आहे. महारोग नव्हे. कातडीचा रंग गेलाय, बाकी काही नाही. यांच्या हातचं खाल्लं, यांच्याजवळ झोपलं, तरी कुणाला काही होणार नाही." मग मामंजींकडं वळून, "कुठं ठेवलं होतं यांना?"

मामंजी बाहेर ओट्यावर येऊन पटका सोडून त्यात तोंड घालून बसले. मी बाळ आत्याबाईंच्या मांडीवर दिलं. त्यांनी घेतलं, पण हात कसे धरायचे ते त्यांना कळेना. इतकी वर्षं कुणाला हात लावलेला नव्हता.

"घरला चल," मामंजी म्हणाले.

"घरला कशी येऊ?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तेरावं केलंसा माजं. मेलेली बाई उठून आली तर लेकीला त्या घरात कोन नांदवंल? कोड म्हना, महारोग म्हना, तेंच्या लेखी येकच."

मी म्हटलं, "मी सांगते वन्संच्या सासरच्या त्या आत्याला. मी खोटं बोलले म्हणून सांगते."

"सांगशील. आनि पोर परत येईल."

त्या गेल्या नाहीत. माळावरही नाही, घरीही नाही. सोलापुरातच गिरणीजवळच्या एका चाळीत राहिल्या, कानडी मुलखातली विधवा म्हणून. आसपास तेलुगू बोलणारी विणकरांची घरं होती, त्यांना आत्याबाईंच्या गावाची खबर असायचं कारण नव्हतं. एकट्या गिरणीकामगारांना भाकऱ्या करून द्यायच्या. डागांबद्दल कुणी विचारलं तर भाजलं म्हणायच्या. मामंजी आठवडी बाजाराचं निमित्त काढून जायचे. आपण जिवंत असताना बिनाकुंकवाची बायको बघून यायचे.

नणंद चांगली नांदली. तिला मुलं झाली. दरसाल पितरपाटात ती माहेरी यायची आणि मी तिच्यादेखत पान वाढायची. आत्याबाईंनी मला बोलू नको म्हणून बांधून घेतलं होतं, हे खरं. पण ते पाळणं मला सोपं पडलं, हेही खरं. सांगितलं असतं तर त्या पोरीच्या नजरेला मला नजर द्यावी लागली असती.

मामंजी आधी गेले. मागाहून आत्याबाई सोलापुरात तापानं गेल्या. मी आणि माझा नवरा पोचलो तेव्हा चाळीतल्या बायकांनी सगळी तयारी करून ठेवली होती. त्यातली एक माझ्या नवऱ्याला विचारत होती, "तुमी कोन लागता?" तो म्हणाला, "लांबचे."

पुढच्या पितरपाटात नणंद आली. मी पान वाढायला घेतलं आणि माझ्यानं वाढवेना. तिला माजघरात बसवून सांगितलं, पहिल्यापासून शेवटापर्यंत. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या तिकडं कुनी काय म्हनालं असतं, त्ये म्या बघितलं असतं, वैनी. निदान सुतक तरी धरू द्यायचं हुतं."

मग ती उठली, न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि पडवीत घोंगडं टाकून बसली. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक असतं तेवढे तीन दिवस ती तिथंच राहिली. नंतर गाडी जुंपायला सांगून सासरी गेली. त्यानंतरही ती यायची, लेकरांना घेऊन, सणाला. चहा घ्यायची, माझ्या नवऱ्याशी बोलायची. माझ्याकडून वेणी मात्र तिनं पुन्हा कधी घालून घेतली नाही.