कराचीपर्यंतचा धागा

व्यंकटय्याच्या खांद्यावर सुताचा एक लांब धागा कायम लोंबत असे. दाराची चौकट असो की नातवाचं अंगडं, तो आधी धागा लावून बघे आणि म्हणे, "धागा खोटं बोलत न्हाय, मास्तर." सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्याचा हातमाग माझ्या घराला लागून होता. मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे हे वाक्य मला उगाच टोचे.

त्याच्या अंबादासला कराचीत नोकरी लागली, तेव्हा आई नरसम्मा दारातच बसली. "मला कायबाय झालं तर पोराला कळणार कवा?" तिच्या होकाराशिवाय पोरगा पाऊल उचलेना.

व्यंकटय्या तिला घेऊन थेट माझ्या भिंतीवरच्या नकाशापाशी आला. टपालाचं विमान नुकतंच सुरू झालं होतं. त्याचा वेग मी सांगितला. त्यानं कराचीच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत समुद्रावरून धागा ताणला. सकाळी निघालेलं विमान दुपारी मुंबईत, तिथून रात्रीची गाडी, की पहाटे सोलापूर. "पोरगं येका दिवसावर हाय की. अक्कलकोटला गेलीस तरी तू दोन दिवस येत न्हाईस."

नरसम्मा हसली, पण अट घालून. "पयलं पत्र तुमी म्हणता त्या दिवशी आलं न्हाय, तर तार करून पोराला परत बोलवायचं."

अंबादास गेला. ठरल्या दिवशी पत्र आलं नाही. संध्याकाळी तार करायला निघालेला व्यंकटय्या माझ्याकडे वळला. "माप बरोबर होतं, मास्तर."

"विमान सरळ येत नाही," मी म्हणालो. "अहमदाबादेला उतरतं, टपाल घेतं, पेट्रोल भरतं. तिथं उशीर झाला की रात्रीची गाडी चुकते." हे मला त्याच दुपारी पोस्टात कळलं होतं. भूगोलाच्या मास्तराची ही शोभा.

त्यानं खांद्यावरचा धागा बोटांत धरला. "म्हंजी मदी गाठ हाय. आन मी गाठीला धागा धरलाच न्हाय." जन्मभर ताण्यात, मागाच्या उभ्या सुतात, गाठींसाठी जास्तीचं सूत धरणारा माणूस पोराच्या घाईत तेवढंच विसरला होता.

घरी जाऊन त्यानं बायकोला हेच सांगितलं. मला भांडणाची धास्ती होती. पण तुटलेलं सूत सांधण्यात नरसम्माचं आयुष्य गेलेलं. "मग आजचा दिवस गाठीला गेला," ती म्हणाली. "उद्या बगू."

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

काही वर्षांनी व्यंकटय्यानं अंथरूण धरलं आणि आम्ही अंबादासला तार केली. तो आगगाडीनं येणार होता. विमानात पत्रं बसत, आमच्यासारखी माणसं नाहीत. "गाठी धरून सांगा, मास्तर," व्यंकटय्या म्हणाला. मी गाड्या बदलण्याचे मुक्काम मोजून चार दिवस सांगितले.

"मग चार दिस थांबतो की."

चौथ्या दिवशी टांगा दारात थांबला. अंबादासचा हात हातात घेऊन व्यंकटय्यानं आधी विचारलं, "वाटेत गाठी किती लागल्या रं?"

पुढे तो आणखी आठ दिवस जगला, मुलाशी बोलत, हसत. ते आठ दिवस माझ्या हिशेबात नव्हते. त्यानं मात्र ते धरले असावेत.