अंतरपाटाचा पांढरा

मामू कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी स्वतःचा तळहात समोर धरायचे. उलटा, सुलटा. "उजेड कसा हाय, हाताला इचार बेटा. कॅमेऱ्याला मागनं." लोकांना वाटायचं, लग्नात ज्योतिषी आलाय.

जळकोटला त्यांचा स्टुडिओ, आणि मी त्यांची एकुलती एक शिष्या. त्यांच्या खांद्यावर कायम पांढरा रुमाल असायचा. मांडवात शिरलं की तो आधी कॅमेऱ्याला दाखवायचा. त्या उजेडात पांढरं कसं दिसतं ते कळलं, की बाकीचे रंग जागेवर येतात. आपल्याकडचे गुलाबी मांडव तुम्हाला माहीतच आहेत. त्याखाली सगळं वऱ्हाड तिखट लागल्यासारखं लाल दिसतं.

मग मामूंच्या फोटोतली माणसं निळी पडायला लागली. गिऱ्हाईकं कुरकुरली. मामूंना मोतीबिंदू झाला होता. त्यांना सगळं पिवळट दिसायचं, म्हणून ते संगणकावर निळं वाढवत बसायचे. ऑपरेशनला मात्र लई भ्यायचे. "रंगच दिसंना झाले तर म्या काय करू?" शेवटी लेकीनं त्यांना सोलापूरला नेलंच, आणि घेतलेलं लग्न माझ्या गळ्यात पडलं. एकटीनं करायचं माझं पहिलंच. "नवरीचा रंग बिघडला तर दुकान गेलं बघ," म्हणाले आणि रुमाल माझ्या खांद्यावर टाकला.

सकाळी हळदीत बायकांनी मलाही सोडलं नाही. मी तोंड पुसलं, तेही त्याच रुमालानं. दुपारी मांडवात त्याच्यावरच कॅमेरा जुळवला, तर कॅमेऱ्यानं हळदीचं पिवळंच पांढरं धरलं आणि नवरी निळी. मंगलाष्टकं सुरू झालेली. पांढरं आणू कुठनं? पाहुण्यांचे फेटे गुलाबी, भटजींचं उपरणं भगवं. आणि समोरच, नवरा-नवरीच्या मधे, अंतरपाट धरलेला. पांढराफेक. तोच कॅमेऱ्याला दाखवला. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट सरला आणि नवरी होती तशी आली, सावळी, हसरी. माझा जीव भांड्यात पडला.

पट्टी निघाल्यावर मामूंना फोटो दाखवले. अंतरपाटापाशी ते थांबले. त्याच्या शेजारी तळहात धरून बराच वेळ बघत राहिले.

"पांढरा हाय न्हवं ह्यो?"

"हाय की, मामू."

"मलाबी पांढराच दिसतोय."

डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी आणायचं नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणून मग मीच रडून घेतलं.

आता मामू सोलापूरला लेकीकडं असतात. स्टुडिओ मी बघते. रुमालाची हळद काही निघाली नाही, नवा घेतला. परवा एका मांडवात मी हात समोर धरून उभी होते, तर एक आजी शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी आपला हात पुढं केला. "बाई, माझाबी बघ की."